अठराव्या मिनिटाला सुटलेली पट्टी

प्रिय घड्याळास,

मायन्यातच अडलो बघ. नात्याने तू माझा थोरला मेहुणा, म्हणजे 'सादर प्रणाम' लिहायला हवं. शाळेतल्या बाकाने तू माझा भिडू, तिथे 'काय रे गाढवा' एवढं पुरतं. आणि गेल्या चार वर्षांतल्या वागणुकीने तू माझा कोणीच नाहीस, त्यामुळे 'महोदय' हेच खरं शोभेल. तिन्ही एकाखाली एक लिहून पाहिली, तर सरकारी नोटिशीला कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून शेवटी सगळा वर्ग तुला ज्या नावाने हाक मारायचा तेच घातलं. राग आला तर कागद उलटा करून पुढे वाच, पण वाच.

इकडे आम्ही ठीक आहोत. (आम्ही म्हणजे मी. चार वर्षं झाली तरी 'आम्ही'च तोंडात येतं, आणि एकट्या माणसाने 'आम्ही' म्हटलं की समोरचा मागे कोण आहे ते बघतो.) उजवा गुडघा जिना चढताना बोलतो, डावा उतरताना, दोघांचं एकमेकांशी पटत नाही एवढंच सुख, नाहीतर दोघे मिळून बोलले असते. तुझी प्रकृती उत्तम असावी असं समजतो. समजतो म्हणजे काय, रोज संध्याकाळी बघतोच. सहा वाजता तू त्या फुटपाथवरून जातोस, मी या फुटपाथवरून येतो, आणि मधल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे आपण दोघे इतक्या आस्थेने बघतो की कोणाला वाटावं दोघांनाही गाडी विकत घ्यायची आहे. मंगळवारी तू डावा पाय जरा ओढत होतास. चप्पल नवीन आहे की सांधा जुना? चप्पल असेल तर बदलून घे, अजून दुकानदार ऐकेल. सांधा असेल तर चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेल्या माणसाला मी काय सांगू?

दोन गल्ल्यांसाठी मी तिकीट लावून पत्र टाकणार, याचं पोस्टातल्या बाईंना फार नवल वाटलं. परवा तिकीट घ्यायला गेलो तेव्हा पाकिटावर पत्ता आधीच घालून नेला होता. (मजकुराला धीर यावा म्हणून.) तो बघून म्हणाल्या, "अहो काका, हे तर पलीकडेच आहे. चालत गेलात तर दहा मिनिटांत पोचेल, आमच्याकडून परवा." मी म्हटलं, "परवा चालेल. चार वर्षं थांबलंय ते." त्यावर त्यांनी तिकीट जरा जास्तच जोरात दाबून चिकटवलं.

तू माझ्याशी शेवटचा बोललास तो शब्द होता 'तेवीस'. तुझ्या बहिणीला जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून तू तिचा शिवणाचा डबा उघडलास, बटणं चाळलीस, आणि त्यांच्यातच तुला तिच्या दुखण्यावरच्या गोळ्या सापडल्या. तू एकेक निवडून रुमालावर मांडलीस. माझ्याकडे पाहिलंस. "तेवीस," म्हणालास, आणि बटण न लावताच चपला घालून गेलास. मी त्या फेकल्या का नाहीत हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं की फेकवल्या नाहीत, तू आणलेल्या होत्या. तुझ्यासारख्या माणसाला हे कारण वाटणार नाही, हे तेव्हाही कळत होतं.

असो. हे मी शेवटी लिहिणार होतो, पण पेन माझ्याआधी पोचलं. मूळ हकिकत वेगळीच आहे, आणि ती कोळंबीपासून सुरू होते.

आमच्या वरच्या खोलीत गेल्या वर्षापासून एक मुलगी भाड्याने राहते. औषधं तयार करण्याचं शास्त्र शिकवणारी ती मोठी संस्था आहे ना, तिथे ती संशोधन करते. मी तिला 'पट्टीवाली' म्हणतो, ती मला 'आजोबा' म्हणते, आणि दोघांच्याही मनात आहे की समोरच्याने जरा कमी बोलावं. एकदा संस्थेतली वीज दोन दिवस जाणार होती, तेव्हा तिने एक काचेची बरणी माझ्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. आत मधासारखं घट्ट, पिवळसर काहीतरी. बरणीवर काय लिहिलंय ते मी चष्म्याशिवाय वाचलं, म्हणजे वाचलं नाही. मला वाटलं, खळ. त्याच दुपारी मी आपलं चौथीचं कवितांचं पुस्तक काढून बसलो होतो. (हो, तेच. तुझ्या शाईचा डाग आहे ते.) त्याची पाठ निखळली होती. बरणीतलं दोन बोटं घेऊन पाठ चिकटवली. अशी झकास बसली की काय सांगू! चार दिवसांनी आंघोळ करून ओल्या हाताने पुस्तक उघडलं, तर पाठ अलगद हातात, आणि चिकटवल्याची खूणसुद्धा नाही. जणू कोणी कधी काही लावलंच नव्हतं.

मी बरणी घेऊन वर गेलो आणि म्हटलं, "बाळ, तुझी खळ भिकार आहे." ती बरणीकडे बघून पांढरी पडली, मग पुस्तकाकडे बघून हसायला लागली. म्हणाली, "आजोबा, याने धरून ठेवावं आणि काम झालं की निघून जावं, यासाठीच मी तीन वर्षं डोकं फोडतेय. तुम्ही एका दुपारी सिद्ध केलंत." तीन वर्षांची तिची मेहनत मी पुस्तकाला फासली होती, तरी तिने मला चहा दिला. ही मुलगी मला तेव्हाच आवडली.

त्या चहावर मला जे कळलं ते तुला सांगतो. तुझ्या धंद्यातलं असून तुला माहीत नसेल, कारण तू दुकान बंद केल्यावर हे पुढे गेलं. त्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात. म्हणजे लहान लहान रेणूंनी एकमेकांचे हात धरून केलेली लांबच लांब रांग. शाळा सुटताना गुरुजी आपली करायचे तशी. हिची रांग कोळंबीच्या कवचांपासून काढलेली, वाळवून तिची पातळ पट्टी करतात. ओलावा लागला की रांग फुगते, मऊ होते आणि गालाच्या आतल्या ओल्या अस्तराला बिलगून बसते. (पुस्तकात या अस्तराला 'श्लेष्मल त्वचा' म्हणतात. हा शब्द रोज ऐकून तू दुकानात डबा कसा खायचास?) रांगेतल्या मुलांच्या खिशांत औषध भरलेलं असतं. ते हळूहळू अस्तरातून झिरपतं आणि थेट रक्तात उतरतं. पोटात जायला नको, यकृताच्या नाक्यावर अडायला नको, जिभेला कडू लागायला नको. औषध देऊन झालं की रांगेतले एकेक जण हात सोडतात आणि शरीरातच विरून जातात. काढायला नको, टाकायला नको. इतका निःस्वार्थ निरोप्या मी कवितेतसुद्धा पाहिला नव्हता. त्याच रात्री दोन ओळी सुचल्या:

कोण पाहुणी आली माझ्या गालाच्या ओसरीत?
देउन गेली औषध हाती, विरली ओलसरीत.

('ओलसरीत' असा शब्द नाही हे मला माहीत आहे. 'ओसरीत'ला दुसरं काही मिळेना. तू 'पुरे' म्हणतोयस ते इथे ऐकू आलं.)

पण एक गोष्ट मी तुला गाळून सांगितली. ती म्हणाली, "आणि मुख्य म्हणजे, आजोबा, गिळायला नको." त्यावर मी कप खाली ठेवला. तुझ्या बहिणीला शेवटच्या तीन महिन्यांत पाण्याचा घोटसुद्धा ठसका लागून जायचा, हे तुला वेगळं सांगायला नको. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून भुकटी करायची, साखरेत कालवायची, आणि ती तोंडाजवळ नेली की ती ओठ मिटून घ्यायची. डोळ्यांनी म्हणायची, नको. जन्मभर जिने माझी एकही गोष्ट धड ऐकली नाही (तुझीही नाही, उगाच मान डोलवू नकोस), तिचे ते मिटलेले ओठ बघून माझा हात पुढे जात नसे. मग पुढे पुढे गोळी दाबायच्या आधीच ती म्हणायची, "त्यापेक्षा तू ती म्हण. झोक्याची." मी झोक्याची कविता म्हणायचो. ती ऐकता ऐकता डोळे मिटायची. आणि तू रूळ घेऊन लाल-निळ्या शाईने आखून दिलेल्या तक्त्यावर, 'दुपार' खालच्या चौकोनात, अख्खी गोळी बटणांत टाकून मी बरोबरची खूण करायचो.

तर पट्टीवालीला माणसं हवी होती. पट्टीत अजून औषध नाही, कोरी आहे. ती गालाला किती वेळ धरून राहते तेवढंच बघायचं. माणसं सत्तरीच्या वरची हवीत, कारण म्हाताऱ्यांच्या तोंडाला लाळ कमी आणि अशी पट्टी पुढे बहुतेक म्हाताऱ्यांनाच लागणार. मी लगेच हात वर केला. (वर्गात नेहमी करायचो तसा, प्रश्न पुरा व्हायच्या आत.) चौदा पानांचं संमतिपत्र मिळालं. ते मी वाचून, तांबड्या पेनने दुरुस्त करून, खाली वीसपैकी अकरा गुण देऊन परत केलं. पट्टीवाली म्हणाली, "आजोबा, फक्त सही करायची होती." निवृत्त मास्तराच्या हाती कागद द्यायचा आणि फक्त सहीची अपेक्षा ठेवायची, हा तिचा पोरकटपणा.

खोलीचं वर्णन करतो. संस्थेच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला. सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला दोरीने बांधलेली एक पेन्सिल. कोपऱ्यात बेसिन, त्याचा नळ अधूनमधून एखादा थेंब सोडतो. भिंतीवर मोठं घड्याळ आणि खाली सूचना: बोलू नये, खाऊ नये, पिऊ नये, जिभेने चाचपू नये. मुदत दोन तास. प्रत्येकाच्या मांडीवर एक तक्ता. दर पंधरा मिनिटांनी पट्टी जागेवर असेल तर बरोबरची खूण, सरकली असेल तर फुली, सुटली असेल तर गोल आणि किती वाजता सुटली ते. माझ्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांना बोलायला मनाई म्हटल्यावर त्यांचे हात मोकळे सुटले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला खुणांनी सांगितलं की खुर्ची मोडकी आहे, पंखा हळू आहे, आणि पलीकडच्या शिवणकामवाल्या बाई घोरायला लागल्या आहेत. दुहेरी घंटा वाजवून गाडी सोडल्यासारखे ते अधूनमधून पेन्सिल दोनदा खुर्चीवर आपटायचे, आणि आम्ही सगळे नकळत जरा पुढे झुकायचो.

पहिल्या दिवशी माझी पट्टी गालाला लागलीच नाही. नखाएवढी, पारदर्शक, कडेला किंचित पिवळी. बोटाच्या टोकावर घ्यायची, गालाच्या आत दाढेच्या वर टेकवायची आणि तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची. मी दाबली, तीस मोजले, बोट बाहेर काढलं, तर पट्टी बोटावरच. ती झटकली, तर चष्म्याच्या काचेवर. आता बोलायला मनाई! मी दोन तास त्या पट्टीतून जग बघत बसलो. कंडक्टर पिवळे, घड्याळ पिवळं, पट्टीवालीसुद्धा पिवळी आणि जरा फुगलेली. शेवटी तिने टॉर्च मारून तोंडात पाहिलं, नाही. मग माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून घेतला. माझ्या तक्त्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चष्म्यावर दोन तास. उत्तम चिकटली.'

दुसऱ्या दिवशी पट्टी नीट बसली. ही चार नंबरची. (सहा प्रकार होते, प्रत्येक प्रकार तिघांना.) थोड्या वेळाने ती गालाशी इतकी एकजीव झाली की आहे हेही कळेना. आणि मग, मित्रा, शांतता. म्हातारपणी माणूस रोजच गप्प असतो, पण त्याला कोणी गप्प बस म्हटलेलं नसतं, त्यातला फरक तिथे कळला. सहा माणसं, पंखा, नळाचा थेंब. मला आपला वर्ग दिसायला लागला. दुपारची वेळ, गुरुजी टेबलावर छडीने ठेका धरतायत, चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतायत आणि खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची धूळ वर चाललीय. मी खच्चून म्हणतोय, म्हणून माझं नाव 'भोंगा'. तू नुसते ओठ हलवतोयस. तुला एकही कविता पाठ नव्हती, हे फक्त मला माहीत होतं आणि मी कधी सांगितलं नाही. संपली की तू माझ्या कानात म्हणायचास, "पावणेतीन मिनिटं." पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच कविता: "अडीच. आज पळवलीत." तेव्हा मला याचा भारी राग यायचा. आता साठ वर्षांनी वाटतं, चाळीस पोरांत कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकणारा तू एकटाच होतास.

मी मनातल्या मनात झोक्याची कविता म्हणायला लागलो. मनातच, शपथ! पण मन आणि जीभ यांच्यात माझ्याकडे कधी दार बसवलेलंच नाही. तिसऱ्या कडव्यात झोका उंच जातो आणि सगळा वर्ग आवाज लांबवायचा, तिथे माझी जीभ आपोआप वर गेली, गालाला टेकली, आणि पट्टी सुटली. मी गिळून टाकली. (अपाय काही नाही, कोळंबीच ती.) घड्याळात पाहिलं: अठरा मिनिटं.

आता गोल काढायचा, खाली 'अठरा' लिहायचं, एवढंच काम. पेन्सिल हातात होती. तेवढ्यात पट्टीवाली दारातून डोकावली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं... निकाल लागायच्या दिवशी फलकापाशी उभ्या असलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर असतं ते. कंडक्टरांची एक नंबरची पट्टी आधीच पडली होती, शिवणकामवाल्या बाईंची दोन नंबरची घोरण्यात गेली होती. तिने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी मान डोलवली. मग पंधरा मिनिटांनी एक बरोबर, पुढच्या पंधरांनी आणखी एक, असं करत आठही चौकोन भरले. दोन तासांनी तिने टॉर्चने पाहिलं. पट्टी नाही, खूण नाही, गाल स्वच्छ. तिला वाटलं, दोन तास धरून राहिली आणि मग नेमकी वेळेवर विरघळली. हेच तर तिला तीन वर्षं हवं होतं. ती तिथल्या तिथे एक उडी मारून खाली आली.

बाकीच्या दोघांच्या चार नंबरच्या पट्ट्या अर्ध्या तासात सुटल्या होत्या. पण त्यांनी नीट दाबल्या नसतील असं ठरलं; त्यांच्यात एक तर बस कंडक्टर (पुढच्या फेरीत त्यांनाही चारच मिळाली होती), आणि मी मास्तर! मास्तरावर लोक अजून विश्वास ठेवतात, हे ऐकून एरवी मला बरं वाटलं असतं. पुढच्या शनिवारी ती केक घेऊन खाली आली. म्हणाली, तिच्या वरिष्ठांनी चार नंबर पक्का केला. आता त्यात दुखणं शमवणारं औषध भरायचं आणि आधी ज्यांना गिळता येत नाही अशा रुग्णांना द्यायचं. "तुमच्यामुळे, आजोबा." केकचा तुकडा माझ्या तोंडात होता. तो आत जाईना, बाहेर काढता येईना. गिळता न येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी, केक तोंडात धरून, कळलं.

मला दिसलं, एक खाट. त्यावर कोणीतरी. पट्टी अठराव्या मिनिटाला सुटलेली. औषध पोचलेलंच नाही. आणि शेजारी एक तक्ता, त्यावर ओळीने बरोबरच्या खुणा. तुझ्या बहिणीच्या खोलीत मी तीन महिने बसत होतो, पण ती खोली दारातून कशी दिसत असेल ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणखी एक आठवलं. ती कण्हायला लागली की मी कविता जरा मोठ्याने म्हणायचो. तिला ऐकू यावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. ती डोळे मिटायची ते झोप लागायची म्हणून, हेही मीच स्वतःला सांगितलेलं. तिला दुखत होतं रे. तू आणलेल्या गोळ्या त्यासाठीच होत्या.

केक कसाबसा खाली गेला. मी म्हटलं, "बाळ, माझी पट्टी सुटली होती."

"केव्हा?"

"दुसऱ्या दिवशी."

"ते नाही विचारलं, आजोबा. कितव्या मिनिटाला?"

"अठराव्या."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. पिशवीतून वही काढली, माझ्या नावापुढची ओळ खोडली, 'अठरा' लिहिलं आणि वेळ दिसेल असं मनगट फिरवून तारीख-वेळही घातली. (त्या वेळी मला तू आठवलास, इतका आठवलास की मीही पायरीवर बसलो. गुडघे दोन्ही एकदम बोलले.) मग म्हणाली, "का केलंत?" मी म्हटलं, "तुझा चेहरा बघवेना म्हणून." ती म्हणाली, "चेहऱ्याचं मी बघते ना, आजोबा. तुम्ही फक्त मिनिटं सांगायची होती." मग उरलेला केक तिथेच ठेवून ती वर गेली. सोमवारी तिने वरिष्ठांना सगळं सांगितलं. चार नंबर बाद झाला, नव्याने सात नंबर तयार झाला, तिचं काम पाच महिने मागे गेलं. मला नियमाप्रमाणे यादीतून काढलं. पण गेल्या गुरुवारी ती संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, तुमच्या फ्रिजमध्ये बरणी ठेवू का? या वेळी तिने बरणीवर बोटभर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'खळ नाही.'

तर अशी इकडची खबर. पत्र लांबलं, वाचून झाल्यावर किती मिनिटं लागली ते तू बघशीलच. घरातल्या थोरांना माझा नमस्कार सांगावा असं लिहिणार होतो, पण तुझ्या घरात तुझ्याहून थोर आता कोणी उरलं नाही आणि माझ्या घरात मीच. तेव्हा एकमेकांचा एकमेकांनी घ्यावा.

तुझा,
भोंगा

ता. क. १ : माझ्यामुळे यादीत एक जागा रिकामी झाली आहे. पट्टीवालीला सत्तरीच्या वरचा माणूस हवा, जो पट्टी सुटली तर सुटली म्हणेल आणि मिनिट सांगेल, समोर कोणाचाही चेहरा असो. "असा कोणी ओळखीत आहे का?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, जगात एकच आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली, "मग उत्तमच. बोलायचं नाहीच आहे." येत्या बुधवारी, सकाळी दहा वाजता. संमतिपत्र सोबत जोडलं आहे. दुरुस्त केलेलंच आहे, तू नुसती सही कर.

ता. क. २ : सत्तरीवरच्या माणसाबरोबर, त्याला घरी परत न्यायला, कोणीतरी यायलाच हवं असा नवा नियम झाला आहे. तुझा मुलगा त्या वेळी कचेरीत असतो. मी मोकळा आहे. सोबत आलेल्याला शेजारची खुर्ची मिळते, आणि त्याच्या गालात पट्टी नसल्यामुळे त्याला बोलायला मनाई नाही. हे मी पट्टीवालीकडून दोनदा विचारून घेतलं आहे. म्हणजे दोन तास तू मध्येच 'पुरे' म्हणू शकणार नाहीस, उठून चपला घालू शकणार नाहीस. शाळेपासून आजवर अशी संधी मला मिळालेली नाही. हे सगळं पत्र, कोळंबीपासून केकपर्यंत, मी यासाठीच लिहिलं. पॉलिमर कळलं नसेल तरी चालेल.

ता. क. ३ : घाबरू नकोस. मला जे सांगायचं आहे ते तेवीस गोळ्यांबद्दल आहे आणि दोन मिनिटांत होईल. इथेच लिहून टाकावं म्हणून चार कागद फाडले. ते लिहायचं नाही, तुझ्याकडे बघून म्हणायचं आहे. उत्तर देऊ नकोस, पट्टी सुटेल. उरलेला वेळ मी काहीही म्हणणार नाही. कविता तर नाहीच. नुसता शेजारी बसेन.